वॉल्पोल, हॉरिस

(२४ सप्टेंबर १७१७ – २ मार्च १७९७). इंग्रज पत्रलेखक, कादंबरीकार व कलावस्तुसंग्राहक. जन्म लंडन येथे. ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानला जाणारा सर रॉबर्ट वॉल्पोल ह्याचा हा धाकटा पुत्र. शिक्षण ईटन येथे व केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात. ईटनमधील सहाध्यायी, कवी टॉमस ग्रे ह्याच्यासह त्याने फ्रान्स व इटलीचा प्रवास केला (१७३९–४१). १७४१ ते १७६८ पर्यंत तो पार्लमेंटचा सदस्य होता. वडिलांनी मिळवून दिलेल्या, विशेष काम नसलेल्या सरकारी पदांच्या उत्पन्नामुळे चरितार्थासाठी लेखन करण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.

लंडननजीक ट्विकनम येथे त्याने १७४७ मध्ये एक लहान घर घेतले आणि पुढील सु. तीन दशकांत त्याला गॉथिक वास्तुशैलीचे रूप दिले. ‘स्ट्रॉबेरी हिल’ ह्या नावाने ते प्रसिद्ध आहे. तेथे त्याने चित्रे व दुर्मिळ वस्तू जमविल्या आणि १७५७ मध्ये स्वतःचे मुद्रणालय काढले. ग्रेच्या दोन कवितांचे पुस्तक हे तेथील पहिले प्रकाशन. द कासल ऑफ ओट्रँटो (१७६४, म. शी. ओट्रँटोचा किल्ला) ही त्याची कादंबरी गॉथिक कादंबरीचा आरंभ मानली जाते. तिच्यातील पात्रे ठोकळेबाज आहेत. तथापि वास्तूलाच भयाचे कारण करण्याची तिची कल्पना पुढे अनेकांनी उचलली.

वॉल्पोलची खरी वाङ्‌मयीन कामगिरी म्हणजे त्याची पत्रे. येल आवृत्तीच्या ४८ खंडांत (१९३७–८३) हा पत्रव्यवहार संगृहीत आहे. फ्लॉरेन्समधील ब्रिटिश प्रतिनिधी होरेस मॅन ह्याला त्याने सु. ४५ वर्षे पत्रे लिहिली. त्या काळात दोघांची एकदाही भेट झाली नाही. राजकारण मॅनला, समाजवार्ता जॉर्ज माँटग्यूला, पुराणवस्तूंचा विषय विल्यम कोलला, अशी विषयांची वाटणी त्याने केलेली दिसते. मॅनकडून पत्रे परत मागवून त्याने त्यांच्या नकलाही करविल्या. ही पत्रे सहजोद्‌गार वाटली, तरी त्यांमागे आपल्या काळाचा वृत्तांत भावी पिढ्यांसाठी ठेवण्याचा हेतू होता.

मेकॉलेने १८३३ मध्ये वॉल्पोलवर कठोर टीका केली : क्षुल्लक गोष्टी त्याला महत्त्वाच्या वाटत आणि महत्त्वाच्या क्षुल्लक. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. दुसऱ्या जॉर्जच्या अंत्यविधीचे (१७६०) वर्णन करताना, फरशीचा गारवा टाळण्यासाठी न्यूकॅसलचा ड्यूक कंबरलंडच्या ड्यूकच्या झग्याच्या घोळावर उभा राहिला, हे वॉल्पोल टिपतो. त्या एका तपशिलातून दरबारी शोकाचे स्वरूप उघड होते. शिवाय त्याची दृष्टी दिवाणखान्यापुरती मर्यादित नव्हती. १७५० मध्ये त्याने गुलामांच्या व्यापाराविषयी तिटकारा व्यक्त केला. १७७२ मध्ये बंगालच्या दुष्काळाचा दोष त्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या धान्याच्या मक्तेदारीला दिला.

त्याची मर्यादा अन्यत्र आहे. लेखन हा सद्‌गृहस्थाचा छंद असावा, अशी त्याची धारणा होती. लेखणीवर जगणाऱ्या डॉ. जॉन्सनची थोरवी त्याला उमगली नाही. रिचर्ड्‌सन आणि स्टर्न हेही त्याला कंटाळवाणे वाटले. टॉमस चॅटर्टन ह्या गरीब तरुण कवीने १७६९ मध्ये आपले लेखन जुनी हस्तलिखिते म्हणून त्याच्याकडे पाठविले. वॉल्पोलने प्रथम स्वागत केले. परंतु लबाडीचा संशय येताच त्याला आपला व्यवसाय सांभाळण्याचा उपदेश केला. पुढल्या वर्षी सतराव्या वर्षी झालेल्या चॅटर्टनच्या मृत्यूचा ठपका वॉल्पोलवर ठेवणे अन्याय्य आहे. मात्र ज्याने स्वतःची कादंबरी प्रथम जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद म्हणून प्रसिद्ध केली होती, त्याला त्या मुलाच्या बनावटीमागील प्रतिभा दिसू नये, हे लक्षणीय आहे. उमरावाची गंमत आणि कारकुनाची फसवणूक असा भेद त्या वर्तुळाने सहज केला.

अशा वर्तुळाच्या आत वावरल्यामुळेच वॉल्पोल त्याचे अंतरंग रेखाटू शकला आणि त्यामुळेच बाहेरची प्रतिभा त्याला परकी राहिली. त्याची पत्रे वाचताना ह्या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

१७९१ मध्ये तो ऑर्फर्डचा चौथा अर्ल झाला. लंडन येथे त्याचे निधन झाले.