मधुमेही मज्जावेदना : संशोधनाची भाषा आणि रुग्णाची भाषा

दीर्घकालीन मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंना इजा होते, हे सर्वमान्य आहे. परंतु काहींचे पाय रात्रभर जळतात आणि काहींचे वेदनेविना बधीर होतात, असे का, याचे समाधानकारक उत्तर संशोधनाने अद्याप दिलेले नाही.

कारणमीमांसेची उणीव नाही. जादा ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल तयार होणे, प्रथिनांना साखर चिकटणे, सूक्ष्म रक्तवाहिन्यांची हानी, अशी कारणे सांगितली जातात. बीअरहाउस व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मिथाइलग्लायॉक्सल हे द्रव्य वेदनातंतूंवरील ‘एनएव्ही १.८’ या सोडियम मार्गिकेत बदल घडवून वेदना वाढविते, असे दाखविले. हीच मार्गिका रोखणारे सुझेट्रिजिन अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाले. पण ते तीव्र, अल्पकालीन वेदनेसाठी.

या संशोधनाची खरी मर्यादा त्याच्या साधनांत आहे. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून उंदराच्या इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट केल्या जातात. आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण मात्र दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे असतात. उंदराने तंतूच्या स्पर्शाने पाय मागे घेतला, की वेदना मोजली असे मानतात. काही न टोचता होणारी आग त्या मोजमापात येत नाही.

ती माणूसच सांगू शकतो, आणि येथे प्रश्न भाषेचा होतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डीएन४’ प्रश्नावलीत दहा बाबी आहेत. चार किंवा अधिक गुण मिळाल्यास वेदना मज्जातंतूजन्य मानतात. तीत झिणझिण्या, टाचण्या टोचल्यासारखे वाटणे व बधिरता यांना स्वतंत्र गुण आहेत. बोलीत मात्र ‘मुंग्या येतात’ एवढ्यात पहिल्या दोन्ही, कधी तिन्ही सामावतात. गुजराती रुग्ण ‘खाली चढे छे’ म्हणतो, उर्दूभाषक ‘सुन्न’ किंवा ‘झुनझुनी’. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतरात एखादा गुण सहज इकडचा तिकडे होईल, आणि चारच्या सीमारेषेवर तेवढ्याने निदान बदलेल. चुकीने निवडलेल्या रुग्णांवर तपासलेली यंत्रणा बरोबर कशी ठरणार?

वडोदऱ्याला हा विचार नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ मध्ये ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ सिद्ध झाला. त्यात इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी व बंगाली पर्याय मांडले होते. राज्यकारभारासाठी जे केले गेले, ते वेदनेसाठी अजून व्हायचे आहे. भाषाशिक्षक, वैद्यकाचे अध्यापक आणि रुग्ण यांनी एकत्र बसून हे शब्द पारखले, तर प्रयोगशाळेलाही आपला प्रश्न नेमका मांडता येईल.