उत्तरपत्रिका की प्रदर्शन? : बडोद्यातील 2007 च्या प्रकरणाची प्रशासकीय चिकित्सा

विद्यापीठीय कलाशिक्षणाच्या प्रशासनाचा विचार आपल्याकडे बहुधा निधी, पदभरती आणि जागा यांपुरताच होतो. विभागप्रमुखाच्या नेतृत्वाची खरी कसोटी मात्र अन्यत्र लागते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला शाखेत मे 2007 मध्ये जे घडले, त्याकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून पुष्कळांनी पाहिले. प्रशासनाचा प्रश्न म्हणून त्याची चिकित्सा त्या मानाने कमी झाली.

1950 मध्ये सुरू झालेल्या या शाखेत ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन यांनी अध्यापन केले. परीक्षेसाठी मांडलेल्या कलाकृती इतरांनाही पाहू द्याव्यात, अशी येथील प्रथा. 9 मे 2007 रोजी बाहेरील काही मंडळी या मांडणीत शिरली. चंद्रमोहन या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या कलाकृतींनी धार्मिक भावना दुखावल्याचा त्यांचा आरोप होता. पोलिसांनी विद्यार्थ्यास अटक केली. घुसखोरांविरुद्ध फिर्याद देण्यास मात्र विद्यापीठ पुढे आले नाही.

प्रकरणाचे मर्म येथेच आहे. परीक्षेची मांडणी ही एकाच वेळी उत्तरपत्रिका असते आणि प्रदर्शनही. रसायनशास्त्राची उत्तरपत्रिका परीक्षकाआधी कोणी हिसकावून वाचली, तर परीक्षा विभाग क्षणभरही थांबणार नाही. तो परीक्षेतील हस्तक्षेप ठरतो. कलाकृतीच्या बाबतीत हीच भूमिका घेण्याची संधी विद्यापीठाला होती. त्यासाठी कलाकृती चांगली की वाईट, सभ्य की असभ्य, याचा निवाडा करण्याची गरजच नव्हती. मूल्यमापन सुरू असलेले काम विद्यापीठाच्या ताब्यात आहे, आक्षेप असल्यास तो लेखी द्यावा, एवढे सांगणे पुरेसे होते. ते सांगितले न गेल्यामुळे विद्यार्थ्याचे गुण ठरण्याआधी त्याचा गुन्हा ठरू लागला.

प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यानंतर विद्यार्थ्यांनी शाखेच्या संग्रहातील प्रतिमा वापरून भारतीय कलेतील शृंगारपरंपरेचे प्रदर्शन मांडले. ते बंद करण्याचा आदेश पणिक्कर यांनी मानला नाही आणि त्यांना निलंबित करण्यात आले. नैतिकदृष्ट्या त्यांची बाजू भक्कम होती, यात शंका नाही. तथापि त्या प्रदर्शनाने वादाचा विषय बदलला, हेही नोंदवावे लागेल. परंपरेचा दाखला देणे म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाला दाखल्याची गरज आहे, असे अप्रत्यक्षपणे मान्य करणे होय. परीक्षेच्या स्वायत्ततेचा साधा, कोरडा, कार्यालयीन मुद्दा त्यात मागे पडला. अर्थात, ‘प्रभारी’ या शब्दातच अधिकाराची मर्यादा दडलेली असते. जबाबदारी शाखेत आणि निर्णय कुलगुरूंच्या कार्यालयात, अशा रचनेत अधिष्ठात्याजवळ आज्ञापालन किंवा आज्ञाभंग एवढेच पर्याय उरतात.

हा पेच बडोद्यापुरता नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या, रामलीलेतील कलावंतांवरील नाटकाचा प्रयोग बंद पाडण्यात आला. विभागप्रमुख व पाच विद्यार्थी यांना अटक झाली. प्रसंग वेगळा, कलाप्रकारही वेगळा; पण विभागप्रमुखच आरोपी झाल्यावर विभागाच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्न येथे अधिकच तीव्र झाला. सत्यशोधन समिती नेमणे हा विद्यापीठांचा परिचित मार्ग आहे. समिती घटनेनंतर येते. पहिल्या तासाभरात दाराशी कोणी उभे राहावे, हे ती ठरवू शकत नाही. ते आधीच लिहून ठेवावे लागते: मांडणी कोणास खुली, आक्षेप कोणाकडे, पोलिसांशी बोलणार कोण.

बडोद्यात टाळलेला निर्णय पुढेही टळतच राहिला. फेब्रुवारी 2018 मध्ये कुलगुरूंच्या कार्यालयात आग लावल्याच्या आरोपावरून चंद्रमोहन यास पुन्हा अटक झाली. त्याची तक्रार जुनीच होती: 2007 च्या त्या परीक्षेनंतर त्याला पदवी मिळालेली नव्हती.