शेवटचे कडवे

दलित साहित्याची चर्चा आपण नेहमी छापील शब्दापासून सुरू करतो. ‘गोलपिठा’ 1972 साली आला, ‘बलुतं’ 1978 साली आले. त्यांच्यावर आपण लिहिले, भांडलो, चर्चासत्रे घेतली. ते योग्यच झाले. पण त्याच वर्षांत वस्तीवस्तीत जी गाणी गायली जात होती, त्यांची समीक्षा कोणी केली? प्रस्थापित समीक्षकाने केली नाही, हे आपण मोठ्याने सांगतो. आपणही केली नाही, हे मात्र सांगत नाही.

काही वर्षांपासून मी ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या जुन्या भीमगीत-गायकांना आणि कॅसेट काढणाऱ्या छोट्या मालकांना भेटतो आहे. प्रल्हाद शिंदे याच कल्याणात राहिले. 2004 साली ते गेले. त्यांची विठ्ठलाची गाणी महाराष्ट्रभर घरोघरी वाजली. त्यांची भीमगीते त्या सगळ्या घरांत वाजली नाहीत. आणि जे प्रल्हाद शिंदे झाले नाहीत, त्या गायनपार्ट्यांचे काय?

कोळसेवाडीतल्या एका वृद्ध गायकाला मी पहिलाच प्रश्न विचारला, “तुमची उपेक्षा झाली, याबद्दल काय वाटतं?” ते हसले. म्हणाले, “कुणी केली उपेक्षा, सर? एप्रिल महिन्यात तर आम्हाला झोपायला मिळत नव्हतं.” मी वरमलो. ‘उपेक्षित’ हा शब्द माझा होता. तो मी त्यांच्या घरी घेऊन गेलो होतो. ज्यांना हजारोंनी रात्र-रात्र ऐकले, ते समाजात उपेक्षित नव्हते. ते नोंदीत उपेक्षित होते, आणि नोंद ठेवण्याचे काम आपले होते.

ही नोंद कशी पुसली गेली, ते मला मालकांकडून समजले. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीनेक मिनिटे मावत. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि थोड्या भांडवलावर कंपनी काढता येऊ लागली. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटे, त्यात पाच-सहा गाणी. मंडपात पंधरा मिनिटे चालणारे गाणे पाच मिनिटांत बसवायचे तर कडवी कापावी लागत. कापले जाई ते बहुधा शेवटचे.

आता शेवटच्या कडव्यात काय असते? कवीचे नाव. वामनदादा कर्डक (1922–2004) आपल्या गाण्याच्या शेवटी ‘वामन’ हे नाव गुंफत. ही नाममुद्रा चोखोबांच्या अभंगापासून चालत आली आहे. ज्याचे नाव कुठल्याही दप्तरात सन्मानाने लिहिले गेले नाही, त्याने ते गाण्यात लिहिले. कवीची मालकी सांगणारा तो एकमेव कागद होता, आणि नेमका तोच कापला गेला.

ठाण्यातला एक माजी मालक सांगत होता: वेष्टनावर बाबासाहेबांचा फोटो, गायकाचे नाव आणि किंमत एवढेच बसे. कवीला एकरकमी पैसे हातावर दिले जात, कागद होत नसे. या माणसाला खलनायक ठरवून मोकळे होता येणार नाही. तो आपल्यातलाच. बायकोचे दागिने गहाण ठेवून त्याने पहिली कॅसेट काढली आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर स्वतः जमिनीवर बसून विकली. आज त्याच्या ध्वनिफिती दुसऱ्याच कोणाच्या नावाने मोबाइलवर वाजतात. तोही निनावी झाला.

कायदा आपल्या बाजूने उशिरा आला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला हक्क नव्हता. 1994 च्या दुरुस्तीने तो दिला. 2012 च्या दुरुस्तीने कवी-संगीतकाराचा मानधनातला वाटा पक्का केला. कवीचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांचा 2064 अखेरपर्यंत. पण गाणे कोणाचे, हेच लिहिलेले नसेल तर हक्क मागायचा कोणी?

अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याशी आपण नाते सांगतो. पँथर हे नावही आपण तिकडूनच घेतले. तिथे सोल संगीताच्या छोट्या कंपन्या अशाच बुडाल्या. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने 2004 साली ओहायोतल्या कॅपसोल या बंद पडलेल्या कंपनीची गाणी पुन्हा काढली, आणि सोबत गायकांची व मालकाची हकीकत नावानिशी छापली. आपल्याकडे हे काम बाजार करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. ते नियतकालिकांनी केले पाहिजे.

कबुली देऊन थांबतो. काही वर्षांपूर्वी भीमगीतांवर मी एक लेख लिहिला होता. जागा कमी होती, म्हणून उदाहरणादाखल घेतलेल्या गाण्याचे एक कडवे मी गाळले. त्यात नवा आशय नाही, नुसते नाव आहे, असे मला तेव्हा वाटले होते. कोळसेवाडीच्या त्या गायकाने तो लेख जपून ठेवला होता. गाणे त्यांच्या थोरल्या भावाचे होते.

आता मी पहिला प्रश्न बदलला आहे. वही उघडतो आणि विचारतो, “दादा, शेवटचं कडवं कोणतं?”