अचूक यंत्र आणि ठेक्याचा डौल

हार्डवेअर ड्रम मशीन, म्हणजे संगणकावाचून ताल रचणारे आणि वाजवणारे स्वतंत्र वाद्य, चर्चेत आले की अचूकता आणि डौल ही परस्परविरोधी टोके मानली जातात. यंत्र जितके काटेकोर तितका त्याचा ठेका निर्जीव, आणि माणूस जितका चुकणारा तितका त्याचा ठेका जिवंत, हे समीकरण ऐकायला पटते. परंतु ज्या यंत्रांच्या डौलाची सर्वाधिक वाखाणणी झाली, ती वेळेच्या बाबतीत काटेकोरच होती. ठोका आपल्या जागेवरून हलला एवढ्याने डौल येत नाही, तर तो प्रत्येक आवर्तनात तेवढ्याच अंतराने आणि तिथेच हलावा लागतो. दादऱ्याच्या लग्गीत तबलजी ज्याला झोल म्हणतात, त्यातही उशिरा येणारा बोल लहरीने नव्हे, नेमाने उशिरा येत असतो.

हा नेम यंत्रात प्रथम सुस्पष्टपणे उतरवला तो अमेरिकन अभियंता रॉजर लिन याने. 1980 सालच्या त्याच्या एलएम-1 या यंत्रात खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज होते, ही त्याची ख्याती. पण त्याहून दूरगामी ठरल्या त्यातल्या दोन सोयी. पहिली, वादकाने बोटांनी वाजवलेला ठोका जवळच्या अचूक जागेवर नेऊन बसवणारी दुरुस्ती, जिला आज क्वांटाइझ म्हणतात. आणि दुसरी स्विंग, म्हणजे अर्ध्या ठोक्यात येणाऱ्या दोन पाव ठोक्यांपैकी दुसऱ्याला ठरावीक प्रमाणात मागे सारणे. दोन्ही पाव सारखे असतील तर प्रमाण 50 टक्के, आणि पहिला दुसऱ्याच्या दुप्पट लांब झाला तर सुमारे 66 टक्के, ज्याला आपल्याकडे तिस्र जातीची चाल म्हणता येईल. एलएम-1 एका ठोक्याचे 48 सूक्ष्म भाग करीत असल्याने अर्ध्या ठोक्यात 24 भाग येत, आणि म्हणून स्विंगला 50 नंतर 54, 58, 62 अशाच पायऱ्या मिळत. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत यातली एक पायरी सुमारे 10 मिलिसेकंदांची असते. गणिताच्या मर्यादेतून जन्मलेल्या या थोड्या आकड्यांवर पुढे बऱ्याचशा हिपहॉपची चाल बसली, ही या इतिहासातली विलक्षण गोष्ट होय. लिननेच आरेखित केलेल्या 1988 सालच्या आकाई एमपीसी60 ने ठोक्याचे 96 भाग केले, तरी मूळ कल्पना तीच राहिली.

अचूकतेची दुसरी बाजू अधिक रूक्ष, पण टाळण्याजोगी नाही. विलंब आणि थरथर यांत फरक आहे: प्रत्येक ठोका सारख्याच अंतराने उशिरा येत असेल तर वादक त्याच्याशी जुळवून घेतो, पण तो अंतर बदलत येऊ लागला, म्हणजे ज्याला जिटर म्हणतात ते घडले, तर ठेक्याचा कणाच मोडतो. 1983 साली रूढ झालेल्या मिडी या जोडणीत एका स्वराचा पूर्ण संदेश जायला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो, त्यामुळे एकाच क्षणी वाजायचे आठ आवाज एका तारेतून पाठवले तर शेवटचा सात-आठ मिलिसेकंदांनी मागे पडू शकतो. आणि फ्रीबर्ग व सुंडबर्ग यांच्या 1995 मधील प्रयोगांनुसार जलद ठोक्यांच्या सलग मालिकेत सुमारे सहा मिलिसेकंदांचे विचलनही कानाला जाणवू लागते. आवाज आणि घड्याळ एकाच पेटीत ठेवणारे यंत्र आजही घट्ट वाजते, याचे एक कारण इथे सापडते.

सरळ, न झुलणारा ठेका डौलाला पारखा असतो असेही नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक म्हणून वावरलेले चरणजित सिंग यांनी 1982 साली डिस्को ठेक्यावर दहा राग मांडले, तेव्हा त्यांच्यासमोरच्या रोलंड टीआर-808 मध्ये स्विंगची सोयच नव्हती. तरी त्या सपाट पायावरून सरकणारे टीबी-303 या बास सिंथेसायझरचे स्वर लयीला अशी ओढ देतात की यंत्राचा सरळपणा हाच त्या रचनेचा आधार ठरतो.

सर्वात मोठी झेप घेतली ती डेट्रॉइटचा हिपहॉप निर्माता जे डिला याने. त्याने क्वांटाइझ बंद केले आणि म्हणून ठेका सैल झाला, हा समज अपुरा आहे. डॅन चार्नास यांच्या 2022 मधील ग्रंथाने दाखवल्याप्रमाणे, डिलाने एमपीसीवर निरनिराळ्या वाद्यांना निरनिराळा काळ दिला: एक सरळ, दुसरे झुलते, तिसरे किंचित घाईचे, आणि या तीन काळांच्या घर्षणातून नवी चाल उभी राहिली. येथे डौल एका वाद्यात नसून वाद्यांमधल्या अंतरात आहे.

या मोजपट्टीने पाहता आजच्या यंत्रांची प्रगती एकांगी वाटते. नव्या एमपीसी ठोक्याचे 960 भाग करतात आणि स्वीडनच्या एलेक्ट्रॉनच्या यंत्रांत प्रत्येक ठोका स्वतंत्रपणे मागेपुढे सरकवता येतो, ही मोठी उपलब्धी आहे. परंतु ठोके यदृच्छया विस्कटणारी सोय अजूनही ‘मानवी’ या नावाने विकली जाते, हे खेदजनक आहे. 2013 सालच्या एका जर्मन अभ्यासात साध्या ठेक्याची विचलने वाढवली तसतशी श्रोत्यांची पसंती घटली, आणि 2011 मध्ये होल्गर हेनिग व सहकाऱ्यांना आढळले की माणसाच्या चुकांत दीर्घकाळ टिकणारी परस्परसंगती असते, जी निव्वळ यदृच्छेत नसते. त्याहून दुर्लक्षित राहिले आहे लय आणि झोल यांचे नाते. जॅझच्या ध्वनिमुद्रणांच्या मोजणीत असे दिसले आहे की लय वाढली की झोलाचे प्रमाण कमी होत जाते आणि अतिद्रुत लयीत ते जवळजवळ सरळ होते. याउलट यंत्रावर ठेवलेले 62 टक्के विलंबित लयीतही 62 आणि द्रुत लयीतही 62 राहतात, आणि लय चढवणाऱ्या वादकाला स्विंगची कळ दरवेळी स्वतःच्या हाताने खाली आणावी लागते.