पहिलं उत्तर कुणाचं?

मागच्या हिवाळ्यात आमच्या बोईसरच्या घरातलं वॉशिंग मशीन बंद पडलं. बाबांनी फोनवर कंपनीचं नाव टाकून पुढे 'कस्टमर केअर बोईसर' लिहिलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला. पलीकडच्या माणसाने नोंदणीचे १० रुपये भरायला लिंक पाठवली. संध्याकाळपर्यंत खात्यातून ९,००० रुपये गेले. १९३० वर तक्रार केली. पैसे परत आले नाहीत.

त्या नंबरच्या वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं. तारापूर एमआयडीसीत ३० वर्षं नोकरी केलेले बाबा पेपरातली जाहिरात चौकटीवरून ओळखतात. इथे चौकटच नव्हती.

त्याच आठवड्यात मी 'कागी' घेतलं. हे पैसे घेऊन चालणारं, जाहिरात नसलेलं सर्च इंजिन आहे. महिन्याला ५ डॉलरमध्ये ३०० सर्च, १० डॉलरमध्ये हवे तितके. म्हणजे एका मोबाइल रिचार्जच्या दुपटीहून जास्त. एवढे पैसे मोजावेत का?

माझ्या कामापुरतं उत्तर 'हो' आहे. कोडमधला एरर शोधताना इकडून तिकडून उचललेला मजकूर छापणाऱ्या साइट्स इथे एकदा ब्लॉक केल्या की पुन्हा दिसत नाहीत. भरवशाच्या साइट्स वर आणता येतात. नुसत्या जाहिराती घालवायला पैसे लागत नाहीत, लॅपटॉपवर फुकटचा ॲड-ब्लॉकर ते काम करतो. पैसे जातात ते निकालांच्या क्रमासाठी. कुठलं उत्तर पहिलं यावं, हे ठरवताना इंजिनाचं गिऱ्हाईक कोण असतं? मी, की जाहिरातदार?

हा प्रश्न गुगलच्या संस्थापकांनीच मांडला होता. १९९८ साली विद्यार्थी असताना लिहिलेल्या शोधनिबंधात पेज आणि ब्रिन यांनी म्हटलं होतं, की जाहिरातीवर जगणारी सर्च इंजिनं मुळातच जाहिरातदारांकडे झुकणार आणि वापरणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाणार. दोनच वर्षांनी, २००० साली, गुगलने ॲडवर्ड्स सुरू केलं.

पण जे वेबवर नाहीच, ते पैसे भरूनही सापडत नाही. आमचं मशीन शेवटी ज्याने दुरुस्त केलं, त्याचं नवापूर रोडला छोटं दुकान आहे. वेबसाइट नाही. नंबर शटरवर रंगवलेला. तो आम्हाला शेजारच्या काकूंनी दिला. बोईसर-पालघरचे निम्मे व्यवहार असे शटरवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहेत. तिथे कुठल्याही इंजिनाचा हात पोचत नाही.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. गुगलच्या जाहिरात विभागाचे माजी प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी २०१९ साली 'नीवा' नावाची कंपनी काढली. तिचंही सर्च इंजिन जाहिरातमुक्त होतं. २०२३ साली ते बंद पडलं. बंद करताना संस्थापकांनी सांगितलं, की लोकांना पैसे भरायला तयार करणं तुलनेने सोपं होतं. मुळात नवं सर्च इंजिन वापरून बघायला लावणं अवघड गेलं. हे पटतं. फोनमध्ये जे आधीपासून असतं, तेच आपण वापरतो. त्या जागेची किंमतही ठाऊक आहे: आयफोनवर ती टिकवायला गुगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. अमेरिकेतल्या खटल्यात हा आकडा बाहेर आला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलची सर्चमधली मक्तेदारी बेकायदा ठरवली.

म्हणून माझी कागीबद्दलची खरी तक्रार त्याच्या दर्जाची नाही. ते विकत घेतो तो माझ्यासारखा माणूस, 'प्रायोजित' हा शब्द बघून बोट खाली सरकवणारा. ज्याला तो शब्द दिसत नाही, त्याला असं काही विकत मिळतं हेही ठाऊक नसतं. फसण्याची भीती एकाला आणि औषध दुसऱ्याच्या खिशात, असा हा प्रकार आहे.

तुमचं पोट सर्चवर चालत असेल तर कागी घ्या, ट्रायलचे १०० सर्च फुकट आहेत. पण त्याआधी अर्धा तास काढून आईबाबांचा फोन हातात घ्या. त्यात ॲड-ब्लॉकर असलेला ब्राउझर टाका. कंपन्यांचे नंबर वॉरंटी कार्डावरून बघून सेव्ह करून द्या.

मी बाबांना कागीही टाकून देणार होतो. त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली.

"एवढ्यात तो नवापूर रोडवाला घरी येऊन बघून जातो," ते म्हणाले.

त्याचा नंबर आता फ्रिजवर चिकटवलेला आहे.