कान टवकारलेले ससे

औषधशास्त्राच्या पुस्तकांत सशांच्या छायाचित्रांची एक जोडी भेटते. पहिल्यात ससे कान पाडून, अंग टाकून बसलेले. दुसऱ्यात तेच ससे कान टवकारून सावध. मधे घडलं ते इतकंच : डोपा नावाच्या द्रव्याचं एक इंजेक्शन.

स्वीडनमधल्या लुंडच्या अर्व्हिद कार्लसन आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग १९५७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. निबंध छोटासाच, पण त्याची बांधणी चोख बंदिशीसारखी आहे. एक जागा वावगी नाही.

सशांना खाली बसवलं ते रेसरपिननं, आपल्या सर्पगंधेच्या मुळातल्या अल्कलॉइडनं. सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्येच ब्रिटिश नियतकालिकात दाखवलं होतं. मेंदूतल्या पेशी आपली संदेशद्रव्यं चिमुकल्या पिशव्यांत साठवतात. रेसरपिन ती भरण्याची वाटच अडवतं. बाहेर राहिलेलं द्रव्य पेशीतली विकरं मोडून टाकतात. साठा संपतो, ससा बसतो.

पण नेमकं काय संपल्यामुळे? अमेरिकेतले ब्रोडी सेरोटोनिन या संदेशद्रव्याकडे बोट दाखवत होते, आणि कार्लसन त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करून आले होते. सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून ज्यापासून ते बनतं ते द्रव्य दिलं. ससा ढिम्म. मग डोपा दिलं, आणि ससा काही मिनिटांत उठला. फसलेलं पहिलं इंजेक्शन मला या प्रयोगातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ते नसतं तर दुसऱ्याला अर्थच उरला नसता.

डोपापासून पुढे नॉरअ‍ॅड्रेनालिन बनतं, तेव्हा श्रेय त्याचंच असणार, असं कुणालाही वाटेल. मेंदू तपासला तर ते भरून आलेलंच नव्हतं! उरलं डोपामिन, तोवर वाटेतला एक टप्पा म्हणून दुर्लक्षिलेलं. १९५८ मध्ये तेही मेंदूत मोजून दाखवलं गेलं.

(डोपाही वनस्पतींना परकं नाही. गुगेनहाइमनं ते १९१३ मध्ये बाकल्याच्या शेंगांतून वेगळं केलं होतं. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही ते भरपूर असतं.)

डोपामिन स्वतःच एक संदेशद्रव्य आहे, हे १९६० मध्ये लंडनच्या परिषदेत ज्येष्ठ मंडळींना पटलं नाही. त्याच वर्षी व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकिएविच यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले. त्यांतलं डोपामिन जवळजवळ आटलेलं होतं.