शोकाचा श्रोता

भवभूतीच्या उत्तररामचरितांतील तिसरा अंक पिढ्यान् पिढ्या वाखाणला गेला आहे. मूर्च्छित रामाला अदृश्य सीतेच्या करस्पर्शानें शुद्धि येते. त्यावरून प्रेम हें शोकावरचें संजीवन होय, असा निष्कर्ष रसिक सहज काढतात. तो खोटा नाहीं, पण अपुरा आहे. स्पर्शानें राम सावध होतो तो पुन्हां विलाप करण्यासाठींच. खरें औषध कोणतें व तें कोणाला लागू पडतें, हें पाहावयाचें असेल तर दृष्टि सीतेकडे वळविली पाहिजे.

त्यागाला बारा वर्षें लोटलीं आहेत. कुशलवांच्या बाराव्या वाढदिवशीं सूर्यपूजेचीं फुलें वेंचण्यासाठीं सीता पंचवटीच्या वनांत आली आहे. भागीरथीच्या प्रभावानें ती वनदेवतांनाहि दिसत नाहीं. रामाचा शोक पुटपाकासारखा, म्हणजे लिंपून बंद केलेल्या औषधाच्या पात्रासारखा, आंतल्या आंत कढत आहे, अशी उपमा कवीनें अंकाच्या आरंभींच योजिली आहे. राजधानींत न उघडलेलें हें पात्र येथें फुटतें. वासंती त्याला निर्भीडपणें जाब विचारते. लोकांना सहन झालें नाहीं, एवढेंच राम सांगतो. आपल्या कृत्याचें मंडन तो करीत बसत नाहीं.

कवीचें मर्म येथें आहे. सीता ऐकत आहे, हें रामाला ठाऊक नाहीं. ठाऊक असतें तर त्याचे अश्रु विनवणी ठरले असते, आणि विनवणीवर दुखावलेल्या मनाचा विश्वास बसत नाहीं. अश्वमेधासाठीं आपणांस सहधर्मचारिणी आहे, असें तो म्हणतो तेव्हां सीतेचें काळीज क्षणभर चरकतें. पण ती आपलीच सुवर्णप्रतिमा, हें कळतांच परित्यागाचें शल्य निघाल्याचें ती स्वतःच बोलून दाखविते.

शल्य निघालें म्हणून अन्याय पुसला गेला, असें मात्र नव्हे. लोकापवाद तसाच आहे, मुलें पित्याला पारखींच आहेत. त्याचा निवाडा सातव्या अंकापर्यंत थांबतो. वाल्मीकीची सीता भूमींत जाते. भवभूति मीलन घडवितो, म्हणून त्याच्यावर भाबडेपणाचा आरोप करणारांनीं हा मधला अवकाश पाहावा. मीलनापूर्वीं रामाचें दुःख सीतेच्या कानीं पडलेंच पाहिजे, एवढी अट कवीनें घातली आहे.

घरांत शोक झाला म्हणजे अश्रु आवरण्याचा उपदेश आपण तत्परतेनें करितों. हा अंक वाचल्यावर तो उपदेश करितांना आपली जीभ जरा अडखळावी.